काळी, पांढरी आणि माळवद

जुन्या मराठी दप्तरांत गावाचे दोन भाग मानलेले आढळतात, पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. आणि 1948 पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या व 1 मे 1981 रोजी जालना या नावाने निराळा जिल्हा झालेल्या मुलखात हा भेद केवळ महसुलापुरता न राहता घराच्या छपरापर्यंत पोहोचला होता.

येथील माळवदाची रचना अशी, की तुळयांवर सरे, सऱ्यांवर किलच्या, त्यांवर पाल्याचा थर आणि या सर्व ज्वलनशील पसाऱ्यावर वीतभर, कोठे त्याहूनही जाड, माती. परंतु ती काळी नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडक्या भिंती जिरून झालेली गावठाणातली पांढरी. शेजारच्या कडब्याच्या गंजीची ठिणगी या मातीवर पडून विझून जाई, आणि वैशाखातले दुपारचे ऊन त्या थरातून झिरपत खाली उतरेपर्यंत सांज होऊन घरातली माणसे वर, त्याच माळवदावर, निजावयास गेलेली असत. इतक्या अल्प साधनांत इतका विचार साठवणाऱ्या त्या गवंड्यांविषयी मला नितांत आदर वाटतो. दोष होता तो भाराचा. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंतींसह अशी छपरे कोसळून जी प्राणहानी झाली, तिच्यानंतर मराठवाड्यात माळवदावरचा विश्वास ढळला.

काळी मात्र घराला सर्वथा वर्ज्य, कारण बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातीतले स्मेक्टाइट कुळातील खनिज पाण्याने फुगते, उन्हाने आकसते आणि भिंतीला तडे पाडते. घराला वर्ज्य असलेले हे खनिज अन्यत्र मात्र कामी आले. 1980 नंतरच्या दशकात जपानात टोयोटाच्या संशोधकांनी याच कुळातले मॉण्टमोरिलोनाइट शेकडा पाचांहून कमी प्रमाणात नायलॉनमध्ये मिसळले, तेव्हा भाराखाली नायलॉन वाकण्याचे तापमान 65 अंश सेल्सिअसवरून सुमारे 150 अंशांवर गेले. पुढे असेही दिसले की प्लास्टिक जळू लागताच, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या हिश्श्याएवढ्या जाडीचे या खनिजाचे पापुद्रे पृष्ठभागावर साचून कवच धरतात, आणि आग विझली नाही तरी तिचा जोर मंदावतो. माळवदाचा वीतभर थर येथे डोळ्यांस न दिसण्याइतका विरळ झाला. आणि हे साधते ते त्या फुगण्यामुळेच. कारण पापुद्रे एकमेकांपासून दूर सरतात, म्हणूनच नायलॉनचा कच्चा रस त्यांच्यामध्ये शिरून तेथेच घट्ट होऊ शकतो.