बिडाच्या यंत्रांवरील गंज आणि इतिहासाची साधने : जव्हार-मोखाडा परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना :

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, नाणी, बखरी आणि दप्तरे डोळ्यांसमोर येतात. विसाव्या शतकातील कामगाराने ज्या यंत्रावर आयुष्य घालविले, त्या यंत्राची गणना मात्र आपण साधनांत क्वचितच करतो. जुन्या यंत्रांच्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पृष्ठभागावरील गंज काढणे हे कारागिराचे काम मानले जाते. परंतु ते इतिहासाच्या अभ्यासकाशीही संबंधित आहे, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

परिसराची पार्श्वभूमी :

जव्हार संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले.  १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात आले. या डोंगराळ, आदिवासीबहुल भागात मोठी कारखानदारी रुजली नाही. यंत्रे आली ती भाताच्या गिरण्या, दुरुस्तीची दुकाने आणि तांत्रिक शिक्षणाच्या कार्यशाळा यांच्या वाटेने. त्यामुळे येथील प्रत्येक जुने यंत्र संख्येने अल्प आणि म्हणूनच पुरावा म्हणून मोलाचे आहे. पावसाळ्याचे चार महिने धुके आणि दमट हवा यांचे असतात. या काळात उघड्या बिडावर एका रात्रीत तांबूस थर धरतो.

यंत्राचा पृष्ठभाग : एक दस्तऐवज

लेथचा बेड सपाट व सरळ असावा लागतो. हे साधण्याची शास्त्रशुद्ध रीत जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० मध्ये ब्रिटिश असोसिएशनपुढे मांडली. तीन पृष्ठे एकमेकांवर आलटून-पालटून रंग लावून तपासायची आणि उंचवटे हाताने खरवडायचे, असे तिचे स्वरूप होते. चांगल्या यंत्रावर या खरवडणीच्या खुणा दिसतात. बेडची झीज चकजवळ अधिक असते, कारण बहुतेक काम तेथेच होते. म्हणजे झिजेचा नकाशा हा कामगाराच्या श्रमाचा लेखच होय.

महाराष्ट्रात या परंपरेचा मोठा दुवा लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा आहे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखन शिकविणाऱ्या लक्ष्मणरावांनी पुढे लोखंडी नांगर घडविला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडीची उभारणी केली. लोखंडी नांगराने जमिनीत विष भिनते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. किर्लोस्कर समूहाने १९४१ मध्ये हरिहर येथे लेथनिर्मितीसाठी कंपनी स्थापिली. अशा कारखान्यांतील यंत्रांच्या पायांवर ओतकामातच नाव उठविलेले असे. कागदपत्रे हरवली तरी ते नाव टिकते.

एक अनुभव :

जव्हार परिसरातील एका संस्थेच्या शेडमध्ये प्रस्तुत लेखकाने एक जुना लेथ पाहिला होता. तो कोठून आला याची नोंद नव्हती. पायावर काही अक्षरे उठलेली होती; ती पुढच्या भेटीत वाचावीत, असे ठरविले. दरम्यान पाहुणे येणार म्हणून यंत्र ‘स्वच्छ’ करण्यात आले. ग्राइंडर फिरवून गंज गेला, त्याबरोबर अक्षरे आणि खरवडणीच्या खुणाही गेल्या. करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. तथापि त्या यंत्राचे मूळ आता कधीही सिद्ध करता येणार नाही. अक्षरे त्याच दिवशी वाचली नाहीत, हा दोष लेखकाचाही आहे.

गंज काढण्याच्या पद्धती :

लोखंड, प्राणवायू आणि पाणी यांच्या संयोगाने गंज तयार होतो. लाल गंज ठिसूळ असून सुटतो. त्याखालचा काळा थर बहुधा घट्ट असतो. बिडात कार्बनचे प्रमाण साधारणतः २ ते ४ टक्के असून करड्या बिडात त्यातील बराचसा भाग ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. हायड्रोक्लोरिक आम्ल या सूक्ष्म फटींत शिरते. ते पूर्णपणे धुतले न गेल्यास गंज पुन्हा वेगाने उद्भवतो.

सरकत्या पृष्ठांसाठी सर्वांत सौम्य रीत म्हणजे रॉकेल लावून भिजू देणे, धारदार पाते आडवे धरून लाल थर हळुवार सोलणे आणि काळा थर दिसताच थांबणे. सुटे भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून विद्युत् प्रवाहाने स्वच्छ करता येतात. भाग ऋण टोकाला आणि भंगार लोखंड धन टोकाला जोडावे. स्टेनलेस स्टील वापरू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम संयुगे निर्माण होतात. हायड्रोजन वायू सुटत असल्याने जागा मोकळी असावी. ही रीत संग्रहालयांच्या परंपरेशी जुळते. बर्लिनच्या राजकीय संग्रहालयांच्या रासायनिक प्रयोगशाळेचे प्रमुखपद १८८८ मध्ये स्वीकारणाऱ्या फ्रिडरिश राथगेन यांनी धातूंच्या पुरावस्तूंसाठी अशा अपचयनाच्या पद्धती वापरल्या.

न सरकणाऱ्या भागांसाठी टॅनिन उपयुक्त ठरते. लोखंडाशी संयोग होऊन त्याचे काळसर संयुग बनते. हिरडा आणि हिराकस यांपासून काळी शाई करण्यामागे हेच तत्त्व होते. सह्याद्रीच्या रानातील हिरडा टॅनिनने समृद्ध आहे, हे येथे लक्षात घ्यावे.

निष्कर्ष :

१. गंज काढण्यापूर्वी यंत्राची छायाचित्रे, मापे आणि त्यावरील अक्षरे यांची नोंद व्हावी.

२. गंज काढावा, धातू काढू नये. चकाकी हे उद्दिष्ट नव्हे.

३. स्वच्छतेनंतर लगेच तेल वा ग्रीस लावून पावसाळ्यापूर्वी त्याची पुनरावृत्ती करावी. अन्यथा या परिसरात सर्व श्रम एका मोसमात वाया जातात.

४. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आपल्या तालुक्यातील जुन्या यंत्रांची नोंदवही तयार करावी. हे काम खर्चाचे नाही, मात्र भंगाराचा टेम्पो दाराशी येण्यापूर्वी ते व्हावयास हवे.