दुभाष्याची कामगिरी



इ. स. १६७४ च्या ज्येष्ठांत रायगडावर राज्याभिषेकाचा सोहळा झाला, तेव्हां इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन तेथें हजर होता. त्याच्या व दरबाराच्या बोलण्यांतील दुवा म्हणजे नारायण शेणवी हा दुभाषी. ऑक्झेंडनचें नांव मीं वर्गांत अनेकदां घेतलें, शेणव्याचें क्वचितच. त्याची आठवण मला गेल्या दिवाळींत झाली, ती कोल्हापुरांतील आमच्या घरीं, एका जुन्या संगणकापुढें बसलों असतां.

त्याचें असें झालें. ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नेहमींचा आधार संपला. अकरावी आवृत्ति आमच्या यंत्रावर चढेना. यंत्र तर धडधाकट! नातवानें त्यांत लिनक्स घातलें. हें लिनक्स १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टॉर्व्हल्ड्स या विद्यार्थ्यानें लिहावयास घेतलें, आणि तें विनामूल्य मिळतें. पण मुलानें पैसे मोजून घेतलेले खेळ सारे विंडोजसाठीं रचलेले. ते आतां बुडाले कीं काय, हा प्रश्न घरांत दोन दिवस गाजला. उत्तर निघालें तें 'वाइन' या नांवाचें. नांव ऐकतांच माजघरांतून जी विचारणा झाली, ती येथें सांगत नाहीं.

वाइनचा आरंभ १९९३ सालचा. बॉब ॲम्स्टॅट व एरिक यंगडेल यांनीं तें सुरू केलें. थोड्याच काळांत सूत्रें अलेक्झांडर जुलियार्ड यांच्याकडे गेलीं. नांवाचा विस्तारच असा केलेला आहे कीं, वाइन हें सोंग नव्हे. बहुरूपी राजाचें सोंग आणतो, त्याप्रमाणें परक्या यंत्राचें सबंध सोंग आणणारे प्रोग्राम असतात. त्यांत वेळ फार खर्चीं पडतो. वाइन तसें करीत नाहीं. खेळांतील आकडेमोड प्रोसेसर स्वतःच करतो, कारण विंडोज असो वा लिनक्स, प्रोसेसर तोच. खेळ जेव्हां विंडोजकडे कांहीं मागतो, म्हणजे खिडकी उघड, फाइल आण, आवाज काढ, तेवढी मागणी वाइन मध्यें घेऊन लिनक्सच्या भाषेंत पुढें पोंचवितें.

हें वाटतें तितकें सोपें नव्हतें. विंडोजचा मूळ मजकूर मायक्रोसॉफ्टच्या कुलपांत. तो न पाहतां, बाहेरून एकेक प्रश्न विचारून व मिळालेलें उत्तर टिपून, हजारों मागण्यांचा अर्थ लावावयाचा. विंडोजची एखादी चूक असली तर तीहि जशीच्या तशी उतरवावयाची, कारण एखादा जुना प्रोग्राम नेमका त्या चुकीवर विसंबून असतो! मुलांच्या वह्यांतील चुका सुधारण्यांत माझें आयुष्य गेलें. चूक जपून ठेवण्याची ही शिस्त मला नवीन होती. वाइनची १.० ही आवृत्ति १७ जून २००८ रोजीं निघाली, म्हणजे पंधरा वर्षांनीं. मध्यंतरीं २००२ सालीं परवाना बदलून असें ठरविण्यांत आलें कीं, वाइनच्या मजकुरांत सुधारणा करून तो वांटणाऱ्यानें त्या सुधारणाहि उघड कराव्या. हा निर्णय मला रास्त वाटतो.

तरी खेळांचें गाडें अडत होतें. चित्रें काढण्याची विंडोजची बोली, डायरेक्टथ्रीडी, निराळी व अवघड. फिलिप रेबोले या तरुणाला 'निअर ऑटोमाटा' हा एक खेळ लिनक्सवर खेळावयाचा होता. तेवढ्यासाठीं त्यानें त्या बोलीचें 'व्हल्कन' या बोलींत रूपांतर करणारा 'डीएक्सव्हीके' लिहिला. व्हाल्व्ह कंपनीनें तो व वाइन एकत्र बांधून ऑगस्ट २०१८ मध्यें 'प्रोटॉन' या नांवानें दिला. तिचें २०२२ सालीं निघालेलें हातांत धरून खेळण्याचें यंत्र, स्टीम डेक, याच पायावर उभें आहे.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींचा 'राजी' हा खेळ २०२० सालीं बाहेर आला. गोलू या भावाला सोडविण्यासाठीं निघालेली एक मुलगी, आणि भोंवतीं राजस्थानी धाटणीचे वाडे. संगणकासाठीं तो विंडोजवरच निघाला. आमच्या यंत्रावर तो प्रोटॉनच्या मध्यस्थीनें चालतो. पुण्याच्या खेळानें कोल्हापुरांत येण्यास असा लांबचा वळसा घ्यावा, याची मला गंमत वाटते.

सर्वच खेळ चालतात असें मात्र नव्हे. लबाडी पकडण्यासाठीं कांहीं खेळांत पहारेकरी बसविलेले असतात, आणि दुभाषी दिसतांच ते दार लावून घेतात. २०२१ सालीं अशा दोन मोठ्या पहारेकऱ्यांनीं, बॅटलआय व ईझी अँटी-चीट यांनीं, प्रोटॉनसाठीं वाट ठेवली. पण ती उघडावयाची कीं नाहीं, हें प्रत्येक खेळाच्या कर्त्याच्या मर्जीवर राहिलें. 'व्हॅलोरंट' आमच्याकडे चालत नाहीं. त्यासाठीं नातू रविवारीं मित्राच्या घरीं जातो, आणि तेवढा वेळ संगणक माझ्या वांट्याला येतो.