पांढऱ्या केसांचा ज्याँ गाबाँ

एक सराईत दरोडेखोर रात्री मित्राला आपल्या गुप्त फ्लॅटवर घेऊन येतो. टेबलावर टोस्ट, पाते आणि वाइन मांडतो. खाऊन झाल्यावर मित्राला पायजमा आणि टूथब्रश देतो. दोघं दात घासतात आणि झोपतात. सिनेमा गँगस्टरचा, पण लक्षात राहतो हा प्रसंग. झाक बेकेरच्या १९५४ सालच्या 'तुशे पा ओ ग्रिझबी'मधला हा दरोडेखोर म्हणजे ज्याँ गाबाँ. तेव्हा तो पन्नाशीला आला होता आणि बरीच वर्षं हिट सिनेमाची वाट बघत होता.

वाट बघण्याची वेळ त्याच्यावर का आली?

गाबाँचा जन्म १९०४ साली पॅरिसमध्ये झाला. आईवडील रंगमंचावर गाणारे-नाचणारे. त्याने आधी अंगमेहनतीची कामं केली, मग नाटकात शिरला. १९३५ ते १९३९ या काळात तो फ्रान्सचा सर्वांत लाडका नट होता. 'पेपे ल मोको'त तो अल्जियर्सच्या बंदरावर मरतो, 'ल के दे ब्रुम'मध्ये ल हाव्रच्या रस्त्यावर. दोन्हीकडे जहाज त्याच्याविना निघून जातं. पळू पाहणारा आणि कधीच न सुटणारा माणूस, ही त्याची ओळख झाली.

१९४० साली जर्मनांनी फ्रान्स जिंकला. गाबाँ पुढच्या वर्षी अमेरिकेला निघून गेला. हॉलिवूड होतं, सोबत मार्लिन डीट्रिच होती. म्हणजे या वेळी तो खरंच सुटला होता. पण १९४३मध्ये, चाळिशीला टेकलेला असताना, तो 'फ्री फ्रेंच' नौदलात भरती झाला. जहाजावरच्या तोफांवर काम करत तो अल्जियर्सला पोचला. पुढे रणगाड्याचा प्रमुख झाला आणि थेट जर्मनीपर्यंत गेला. शौर्यपदकं मिळाली.

घरी परतला तेव्हा केस पांढरे झाले होते. युद्धाआधीचा तरणाबांड हीरो प्रेक्षकांना त्याच्यात सापडेना. डीट्रिचबरोबरचा १९४६चा सिनेमाही पडला.

'ग्रिझबी'ने त्याला परत आणलं, ते वय लपवून नव्हे. याच सिनेमात तो मित्राला म्हाताऱ्या होत चाललेल्या चेहऱ्याकडे बघायला लावतो. हिशेब मांडावा तसं शांतपणे सांगतो, की आपले दिवस संपलेत. त्यानंतर गाबाँने जाडजूड, तिरसट, थकलेली माणसं रंगवली, ती थेट १९७६पर्यंत. तरुण गाबाँ नशिबाशी झगडत मरायचा. म्हातारा गाबाँ खुर्चीत बसून नुसता बघायचा आणि तेवढं पुरायचं.

नोव्हेंबर १९७६मध्ये तो गेला. फ्रेंच नौदलाच्या जहाजाने त्याच्या अस्थी ब्रेस्टजवळच्या समुद्रात नेऊन सोडल्या. या वेळी जहाज त्याला घेऊन निघालं.