जायफळ : झोपेचा घरगुती उपाय

(सं. जातीफल, लॅ. मिरिस्टिका फ्रॅग्रन्स, कुल – मिरिस्टिकेसी). एका सदाहरित वृक्षाच्या बीमधील वाळलेला गर. पक्वान्नांना सुगंध देणारा हा मसाला मराठी घरांत झोप न येण्यावरचा उपाय म्हणूनही परिचित आहे. युरोपात शांत झोपेसाठी कॅमोमाइलच्या, म्हणजे युनानी वैद्यकातील बाबूनाच्या, फुलांचा चहा घेतात. आपल्याकडे ती जागा जायफळ उगाळून घातलेल्या कोमट दुधाची आहे.

उगम व लागवड : मूळस्थान इंडोनेशियातील बांदा बेटे. नर व मादी झाडे वेगळी असतात. रोपापासून वाढवलेले झाड कोणते, हे पहिला फुलोरा येईपर्यंत, म्हणजे 6–8 वर्षे, कळत नाही. म्हणून बागायतदार कलमे पसंत करतात. पिवळसर फळ पिकल्यावर उकलते. बीवरची लालभडक जाळी ती जायपत्री. बी वाळली की कवचात गर खुळखुळतो. मग कवच फोडून तो काढतात. भारतातील बहुतांश उत्पादन केरळात होते. कोकणात नारळ-सुपारीच्या सावलीत हे आंतरपीक घेतले जाते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’ ही जात दिली, तर रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राच्या ‘लाखी बाग’ पद्धतीत नारळासोबत जायफळाचाही समावेश आहे.

कोल्हापुरातील वापर : रंकाळ्यालगतच्या शिवाजी पेठेसारख्या जुन्या वस्तीत जायफळ गोडातही असते आणि तिखटातही. होळीची पुरणपोळी, पाडव्याचे श्रीखंड, कोजागरीचे आटीव दूध यांत ते किसून घालतात. उन्हाळ्यात वर्षाची कांदा-लसूण चटणी डंकावर कुटून आणताना अनेक घरांच्या मसाल्यात जायपत्री किंवा जायफळ पडते. पुरणपोळीनंतर डोळे मिटू लागले की नाव जायफळाचे निघते; तांबड्या रश्शाच्या जेवणानंतर मात्र कोणी त्याला जबाबदार धरत नाही. एक जायफळ साधारण 5 ग्रॅम वजनाचे असते आणि पुरणाच्या अख्ख्या पातेल्याला त्याचा थोडाच भाग लागतो. माणशी चिमूटही येत नाही. तेव्हा दुपारच्या त्या सुस्तीत गूळ, तूप आणि भरल्या पोटाचा वाटा मोठा. गंगावेस व मिरजकर तिकटीच्या दूध कट्ट्यांवर म्हशीचे धारोष्ण दूध पितात ते ताकदीसाठी, झोपेसाठी नव्हे. झोपेचे दूध घरचे : सहाणेवर जायफळाचे एक-दोन वेढे उगाळून कोमट दुधात मिसळतात. डोके दुखत असल्यास तोच लेप कपाळावर लावतात.

घटक व परिणाम : जायफळात 25–40 टक्के स्थिर तेल व साधारण 5–15 टक्के बाष्पनशील तेल असते. मिरिस्टिसिन, एलेमिसिन आणि सॅफ्रोल हे त्यातील महत्त्वाचे घटक. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याने झोपेचा काळ वाढल्याचे दिसले आहे; माणसांवरील भक्कम पुरावा मात्र नाही. आयुर्वेदात ते उष्ण व ग्राही मानले असून अतिसारावरही त्याचा उपयोग सांगितला आहे. कॅमोमाइलबाबतचा पुरावाही मर्यादितच : काही छोट्या चाचण्यांत झोपेची प्रत किंचित सुधारली. त्यातील एपिजेनिन या घटकाला शामक गुणाचे श्रेय दिले जाते. शेवंतीच्या कुलातील फुलांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी तो चहा टाळावा.

विषाक्तता : थोड्याने गुण येतो म्हणून जास्त घेतल्यास जास्त झोप लागेल, हा समज धोक्याचा आहे. सुमारे 5 ग्रॅम, म्हणजे एका जायफळाएवढी पूड, विषबाधेस पुरू शकते. मळमळ, कोरडे तोंड, धडधड, गोंधळ आणि भास ही लक्षणे काही तासांनी सुरू होतात. परिणाम लगेच न दिसल्याने माणूस आणखी घेण्याचा संभव असतो. लक्षणे दिवसभर किंवा अधिक काळ टिकतात. चेक शरीरक्रियावैज्ञानिक यान पुर्किन्ये यांनी 1829 मध्ये तीन जायफळे खाऊन हा अनुभव स्वतःवर नोंदवला. गरोदरपणात औषधी मात्रा टाळावी. बाळगुटीत जायफळ उगाळण्याची चाल जुनी असली, तरी पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. झोपेच्या किंवा मानसिक आजारावरील गोळ्या सुरू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावे. निद्रानाश आठवडेच्या आठवडे टिकला तर जायफळाची मात्रा वाढवण्याऐवजी कारण तपासून घ्यावे.