भयपटातील छायाचित्रण

भयपटातील छायाचित्रण : प्रेक्षकाच्या मनात भीती निर्माण करण्यासाठी कॅमेऱ्याचे अंतर, उंची, कोन व हालचाल यांची केलेली हेतुपूर्वक योजना. भयपटाचा परिणाम कथेतील भुताखेतांपेक्षा प्रेक्षकाला काय दिसते व काय दिसत नाही, यावर अधिक अवलंबून असतो. दूरदृश्यात पात्र एकाकी भासते. समीपदृश्यात चेहऱ्याने पडदा व्यापल्यामुळे त्याच्यामागे काय आहे, हे कळेनासे होते. कॅमेरा खालून वर रोखल्यास व्यक्ती वा वास्तू अंगावर आल्यासारखी वाटते, तर वरून खाली रोखल्यास पात्र दुबळे दिसते. तिरप्या चौकटीमुळे अस्थिरता जाणवते.

या तंत्राचा पाया जर्मन अभिव्यक्तिवादी मूकपटांनी घातला. रोबर्ट व्हीनेच्या द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी (१९२०) मध्ये नेपथ्यच वेडेवाकडे रंगविलेले होते. फ्रीड्रिख मुर्नाऊच्या नोस्फेरातू (१९२२) मधील जिना चढणारी सावली विशेष गाजली. आल्फ्रेड हिचकॉकने सायको (१९६०) मध्ये जिन्यावरील खुनाचा प्रसंग थेट वरून चित्रित केला. त्यामुळे मारेकऱ्याचा चेहरा झाकला गेला, पण तो मुद्दाम लपविल्याची शंका प्रेक्षकाला आली नाही. हॅलोवीन (१९७८) च्या आरंभी कॅमेरा मारेकऱ्याच्या नजरेने घरात वावरतो. द शायनिंग (१९८०) मध्ये स्टेडिकॅम या उपकरणामुळे कॅमेरा पात्राच्या पाठोपाठ धक्का न बसता सरकू लागला.

जर्मन छायालेखनाचा संस्कार मुंबईत प्रत्यक्ष पोहोचला तो योझेफ व्हिर्शिंग या छायालेखकामुळे. म्यूनिकहून प्रेम संन्यास (१९२५) च्या चित्रणासाठी आलेला व्हिर्शिंग पुढे मालाड येथील बॉम्बे टॉकीजमध्ये (स्थापना १९३४) काम करू लागला. कमाल अमरोही दिग्दर्शित महल (१९४९) मधील ओसाड हवेली, हलता झोपाळा व अंधारात विरणारी स्त्री ही त्याच्या छायाप्रकाशाची किमया होय. ती स्त्री भूत नव्हे, असे अखेरीस उघड होते; तरीही प्रेक्षकाने अनुभवलेली भीती खोटी ठरत नाही. भीतीचा उगम कथेइतकाच चित्रचौकटीत असतो, हे यावरून स्पष्ट होते.

रामसे बंधूंच्या दो गज जमीन के नीचे (१९७२) पासून हिंदीत स्वस्तात निर्मिलेल्या भयपटांची परंपरा रूढ झाली. धुके, रंगीत प्रकाश व विद्रूप चेहऱ्याचे समीपदृश्य ही त्यांची ठळक साधने होती. विशाल फुरिया यांच्या लपाछपी (२०१७) या मराठी चित्रपटात वाड्याऐवजी उसाचे शेत आले. उंच उसामुळे भरदिवसाही नजर चार हातांपलीकडे पोहोचत नाही. म्हणजे चौकटीबाहेरचे भय येथे पिकानेच निर्माण केले. राही अनिल बर्वे यांच्या तुंबाड (२०१८) या हिंदी चित्रपटात छायालेखक पंकज कुमार यांनी कोकणातील पाऊस व दिव्याचा अपुरा उजेड यांतून भय साधले.

आदित्य सरपोतदार यांच्या झोंबिवली (२०२२) या चित्रपटाने हे भय डोंबिवलीत आणले. नावातच झोंबी व डोंबिवली यांचा संयोग आहे. उंच निवासी संकुल व त्यास लागून असलेली पाण्यासाठी तहानलेली वस्ती, अशी त्याची पार्श्वभूमी आहे. झोंबीपटातील भय एकट्या पिशाच्चाचे नसून जमावाचे असते; म्हणून सावली व रिकाम्या चौकटीऐवजी गर्दी दाखविणारे दूरदृश्य आणि अरुंद जागेतील कोंडी यांना महत्त्व येते. गच्चीवरून खाली पाहणे व वस्तीतून वर पाहणे हे दोन कोन अशा कथेत सामाजिक अंतरही सुचवू शकतात. लोकलच्या गर्दीची सवय असलेल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या प्रेक्षकाला हे भय परके वाटत नाही.

अचानक आदळणारे समीपदृश्य व कर्कश आवाज यांनी प्रेक्षक केवळ दचकतो आणि तो परिणाम क्षणात ओसरतो. परिचित जिना वा दार निराळ्या कोनातून दाखविल्याने उपजणारी भीती मात्र चित्रपट संपल्यावरही टिकते.