पहिल्या गिअरची ‘खट्’: एका आवाजाचा आणि एका तक्रारीचा इतिहास

१/
नवी मोटारसायकल घरी आणली, त्या दिवशी तिच्या हँडलला झेंडूचा हार होता आणि चाकांखाली लिंबे. आठवड्याभरातच माझ्या मनात तिच्याविषयी तक्रार तयार झाली. पहिला गिअर टाकताना मोठ्याने ‘खट्’ होई आणि गाडी धावू लागली की खालून कोठून तरी सतत घरघर ऐकू येई. सर्व्हिस सेंटरमध्ये उत्तर मिळाले, “मॅडम, नव्या गाडीला गिअरचा आवाज असतोच. हजार किलोमीटरमध्ये बसेल.”

२/
या उत्तराने समाधान झाले नाही. परंतु ते चुकीचे आहे असे म्हणण्यास माझ्यापाशी आधारही नव्हता. इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशा वेळी एक सवय कामी येते: एखादी गोष्ट अशी का आहे, हे विचारण्यापूर्वी ती अशी केव्हापासून आहे, याचा शोध घ्यायचा. त्या शोधात दोन इतिहास हाती लागले. एक गिअरच्या आवाजाचा, दुसरा त्या आवाजाविषयी तक्रार करण्याच्या हक्काचा. हा धागा त्या दोहोंविषयी आहे.

३/
आरंभ १८८५ पासून. जर्मनीतील कानश्टाट येथे गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर २६४ सीसीचे इंजिन बसवले. शक्ती सुमारे अर्धा अश्वशक्ती. इंजिनाची गती चाकाकडे पोहोचवण्याचे काम पट्ट्याकडे होते. पट्टा घसरतो, ताणला जातो, पावसात निकामी होतो. पण तो आवाज करत नाही. धक्का स्वतःत जिरवण्याचा गुण त्याच्या अंगी असतो. मोटारसायकलच्या पहिल्या पिढीचा गतिवाहक मुका होता, हे लक्षात ठेवू.

४/
१८९४ मध्ये म्युनिक येथे हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी मोटारसायकलचे मालिका-उत्पादन सुरू केले. तिला गिअरबॉक्स नव्हताच. रेल्वे इंजिनाप्रमाणे दांडे थेट मागच्या चाकाला जोडलेले होते. सपाट रस्त्यावर हे चालून जाई. चढ आला की मात्र या साऱ्या आरंभीच्या गाड्यांची दैना उडे. एकच वेग असलेल्या पट्ट्याच्या गाड्यांना स्वार पेडल मारून हातभार लावत. थोडक्यात, गिअरची गरज ही चढाने निर्माण केलेली गरज आहे.

५/
याचा निकाल आइल ऑफ मॅन या बेटावर लागला. तेथील टीटी शर्यत १९०७ मध्ये सुरू झाली. १९११ मध्ये आयोजकांनी ती स्नेफेल पर्वताच्या कुशीतून जाणाऱ्या लांब, चढउताराच्या मार्गावर नेली. त्या वर्षी सीनियर शर्यतीतील पहिले तिन्ही क्रमांक अमेरिकन ‘इंडियन’ गाड्यांनी पटकावले. विजेता होता ऑलिव्हर गॉडफ्रे. या गाड्यांना दोन वेगांचा गिअरबॉक्स होता आणि पट्ट्याऐवजी चेन होती.

६/
चेन काही नवी नव्हती. मँचेस्टरच्या हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्येच बुश-रोलर चेन सिद्ध केली होती. तरीही अनेक स्वारांना ती नकोशी वाटे, कारण ती निर्दय होती: इंजिनाचा प्रत्येक ठोका ती जसाच्या तसा चाकापर्यंत पोहोचवी आणि वाटेत खडखडाटही करी. १९११ नंतर हळूहळू पारडे फिरले. घसरणाऱ्या शांततेपेक्षा पकड असलेला गोंगाट बरा, हा कौल पर्वताने दिला होता.

७/
गिअरबॉक्सच्या आतली कथा मात्र मोटारगाडीपासून सुरू होते. फ्रान्समध्ये एमिल लेव्हासोर यांनी १८९० च्या दशकात सरकत्या गिअरची रचना रूढ केली. फिरणारे दातेरी चाक सरकवत न्यायचे आणि वेगळ्या गतीने फिरणाऱ्या दुसऱ्या चाकात घुसवायचे. दात दातावर आपटत. आपली पद्धत रानटी आहे पण चालते, अशा अर्थाचे उद्गार लेव्हासोर यांच्या नावावर सांगितले जातात. ते त्यांचे असोत वा नसोत, त्या यंत्राचे वर्णन म्हणून अचूक आहेत.

८/
यावर मोटारसायकलने जो तोडगा स्वीकारला, तोच आजही आपल्या पायाखाली आहे. गिअरची सर्व जोड्या-चाके कायम एकमेकांत अडकलेलीच ठेवायची. प्रत्येक जोडीतील एक चाक शाफ्टवर मोकळे फिरते. आपण पायाने गिअर टाकतो, तेव्हा शेजारचे चाक सरकते आणि त्याच्या बाजूवरचे जाड खुंट मोकळ्या चाकाच्या खाचांत शिरून त्याला शाफ्टशी बांधून टाकतात. या खुंटांना मेकॅनिक मंडळी ‘डॉग’ म्हणतात. नाजूक दात आपटण्याऐवजी आता दणकट खुंट आपटतात, एवढाच फरक.

९/
आता माझी ‘खट्’ उलगडते. न्यूट्रलमध्ये गाडी उभी असते, म्हणून चाकाकडचा शाफ्ट स्थिर असतो. इंजिनाकडचा शाफ्ट फिरत असतो. क्लच दाबला तरी ऑइलमध्ये बुडालेल्या प्लेटी लगेच सुटत नाहीत. ऑइलच्या चिकटपणाने शाफ्ट थोडा फिरतच राहतो. फिरता खुंट स्थिर खाचेत शिरला की आवाज होणारच. सकाळी थंड ऑइल घट्ट असते, म्हणून सकाळची ‘खट्’ मोठी. इंजिन मिनिटभर चालू द्यावे, क्लच दोन-तीन क्षण धरून मग गिअर टाकावा. ती पुष्कळ मवाळ होते.

१०/
गिअरमधून येणाऱ्या बारीक, चढत्या सुराच्या आवाजाचीही अशीच कुळकथा आहे. सरळ दातांच्या चाकात दात आपल्या पूर्ण रुंदीने एकदम भिडतो, म्हणून आवाज. तिरक्या दातांच्या चाकात तो कडेपासून हळूहळू भिडतो, म्हणून शांतता. पण तिरका दात चाकाला बाजूला ढकलतो. यावर इंग्रजी व्ही अक्षरासारखे दोन विरुद्ध तिरके दात एकत्र आणण्याचा उपाय आहे. पोलंडमध्ये असे गिअर पाहून आंद्रे सित्रोएन यांनी त्यांचा व्यवसाय उभारला. १९१९ मध्ये मोटारी बनवू लागल्यावर त्यांनी हेच दुहेरी कोन बोधचिन्ह केले. एका मोठ्या कंपनीचे चिन्ह मुळात शांत गिअरचे चित्र आहे!

११/
१९२८ मध्ये कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणला. त्यात अडकण्यापूर्वी दोन्ही भागांची गती घर्षणाने समान केली जाते आणि मोटारीचा गिअर निमूटपणे पडतो. मोटारसायकलने तो स्वीकारला नाही. जागा कमी, भाग हलके, आणि पायाच्या एका झटक्यात गिअर बदलण्याची निकड. त्याच दशकाच्या अखेरीस वेलोसेटच्या हॅरल्ड विलिस यांनी एका दाबाला एकच गिअर बदलणारी पायाची यंत्रणा विकसित केली. वेग आणि साधेपणा यांच्या बदल्यात मोटारसायकलने आवाज पत्करला. सरळ दात आणि खुंट ही त्या सौद्याची कायमची खूण आहे.

१२/
म्हणजे सर्व्हिस सेंटरचे उत्तर निम्मे खरे होते. ‘खट्’ हा दोष नव्हे, तो वारसा आहे. राहिली ती घरघर. “होईल गं कमी, नवी गाडी आहे,” असे बाबाही म्हणाले. बाबांचा शब्द मी सहसा मोडत नाही. त्यांनी एक चेतक सव्वीस वर्षे चालवली आहे. परंतु साक्षीदार कितीही विश्वासू असला, तरी त्याने नेमके काय पाहिले आहे, हे विचारावेच लागते.

१३/
आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९७२ मध्ये चेतक बाजारात आणली, ती व्हेस्पाच्या कुळातली. व्हेस्पाचे जनक कोराडिनो द’अस्कानिओ हे विमानांचे अभियंते. मोटारसायकलची उघडी, तेलकट चेन त्यांना पसंत नव्हती. १९४६ च्या आपल्या रचनेत त्यांनी चेन ठेवलीच नाही. इंजिन मागच्या चाकाशी आणून गती थेट गिअरने दिली. म्हणजे सव्वीस वर्षांत बाबांना चेनची ढील तपासण्याचा प्रसंगच आला नव्हता! त्यांचा अनुभव खरा होता, पण तो वेगळ्या यंत्राचा होता.

१४/
बाबांच्या सोशिकतेलाही इतिहास आहे. १९५१ च्या उद्योग अधिनियमानंतर कारखान्याने किती माल काढावा, हे परवाना ठरवी. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. ज्या वस्तूसाठी इतके थांबलो, ती दारात आल्यावर तिच्या आवाजाविषयी कुरकुर कोण करणार? आणि केली तरी कोणापुढे? टंचाईने आपल्या वडीलधाऱ्यांना आवाज सहन करायला शिकवले. ‘बसेल’ हा शब्द त्या शिकवणीचा सारांश आहे.

१५/
ही शिकवण नाकारणारी माणसेही याच मातीत होती. १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने ग्राहक पंचायतीची चळवळ उभी राहिली. विकत घेणारा हा याचक नसून व्यवहारातला समान भागीदार आहे, हा तिचा गाभा. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. आज त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आहे. सदोष वस्तूविषयी दाद मागणे हा आता हक्क आहे. पण हक्क पुराव्यावर उभा राहतो, आणि ‘कसला तरी आवाज येतो’ हा पुरावा नव्हे.

१६/
म्हणून अभिलेखागारात करतो तेच मी केले: वही काढली. दिनांक, इंजिन थंड की गरम, कितवा गिअर, किती वेग, एकटी की मागे कोणी. पहाटेच्या रिकाम्या, सरळ रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जाताना क्लच दाबून धरला. इंजिनाचा आवाज खाली आला. घरघर तशीच राहिली आणि गाडीबरोबर मंदावत गेली. मैत्रीण मागे बसली की ती वाढे. न्यूट्रलमध्ये उभी असताना मात्र तिचा मागमूस नसे.

१७/
या नोंदी एकत्र वाचल्या की निष्कर्ष दूर राहत नाही. क्लच दाबल्यावर इंजिनाचा चाकाशी संबंध तुटतो. तरीही आवाज चाकाच्या वेगाप्रमाणेच बदलतो, म्हणजे उगम चाकाच्या बाजूला: चेन, स्प्रॉकेट वा बेअरिंग. मागे वजन पडले की मागचा भाग दबतो आणि चेन अधिक ताणली जाते. आवाज वाढतो, म्हणजे संशय चेनवर. गाडीसोबत आलेली पुस्तिका उघडली. तिच्यात खालच्या बाजूच्या मध्यावर २० ते ३० मिलिमीटर ढील सांगितली होती. माझ्या चेनला जेमतेम ५ मिलिमीटर होती. गाडी ताब्यात देण्यापूर्वी कोणी तरी ती अति घट्ट करून ठेवली होती.

१८/
वही आणि पुस्तिका घेऊन पुन्हा गेले. या वेळी ‘आवाज येतो’ असे न म्हणता ‘चेनची ढील पुस्तिकेप्रमाणे नाही, जॉबकार्डवर लिहून घ्या’ असे सांगितले. तिथल्या वयस्क मेकॅनिककाकांनी चेनखाली बोट घातले, मान हलवली आणि दहा मिनिटांत ती सैल केली. घरघर थांबली. ते म्हणाले, “ताई, आणखी दोन-तीन हजार चालली असती तर आतलं बेअरिंग गेलं असतं.” हजार किलोमीटरमध्ये काही ‘बसणार’ नव्हते; उलट नव्या गिअरबॉक्सचे बेअरिंग झिजत गेले असते, आणि तेव्हा दोष माझ्या चालवण्याला लागला असता.

१९/
ज्यांच्या घरी नवी गाडी आहे, त्यांच्यासाठी चार खुणा:
• पहिल्या गिअरची ‘खट्’, विशेषतः थंडीत: सहसा स्वाभाविक.
• न्यूट्रलमधील हलकी खळखळ, जी क्लच दाबताच जाते: बहुधा स्वाभाविक, ती वाढत गेली तर दाखवावी.
• क्लच दाबूनही चाकासोबत चालणारी घरघर: चेन, स्प्रॉकेट, बेअरिंग तपासावे.
• एकाच गिअरमध्ये कर्कश आवाज, गिअर आपोआप सुटणे वा प्रत्येक वेळी खरवडणे: गाडी फार न चालवता लेखी तक्रार करावी.
ऑइल मात्र पुस्तिकेत सांगितलेलेच वापरावे. मोटारीचे काही ऑइल ओल्या क्लचला घसरवते.

२०/
इतिहास आपल्याला काय देतो, असा प्रश्न आपणा सर्वांना घरी विचारला जातो. मला त्याने या वेळी एक भेद शिकवला. काही आवाज हे एखाद्या जुन्या निर्णयाचे अवशेष असतात. ते समजून घेतले की त्रास देत नाहीत. काही आवाज आज कोणाच्या तरी हयगयीतून निघतात. ते सहन करणे म्हणजे त्या हयगयीत सामील होणे. बाहेरून दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणूनच नोंद ठेवायची.

२१/
परवा बाबांना मागे बसवून सिंहगडच्या पायथ्यापर्यंत गेले. निघताना पहिला गिअर पडला: खट्. बाबा दचकले. “अगं, हा आवाज अजून आहेच की!”
“तो राहणार, बाबा. तो १९११ पासूनचा आहे.”
घाटातल्या पहिल्या चढावर गाडीने तिसरा गिअर सोडून दुसरा घेतला आणि चढ चढू लागली. वळणावर थांबलो, तेव्हा बाबांनी उतरून चेनखाली बोट घालून पाहिले आणि विचारले, “किती मिलिमीटर म्हणालीस?”

धागा समाप्त. आपल्या घरच्या जुन्या गाडीच्या आवाजाची गोष्ट असेल, तर अवश्य लिहा, दिनांकासह.