निहाली भाषा : ऱ्हास आणि पुनरुज्जीवन
बुलढाणा जिल्ह्याच्या जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी मोजक्या गावांत बोलली जाणारी भाषा. भाषक सुमारे २,००० ते २,५००. कोरकू, मराठी व द्रविड भाषांतून हिच्यात विपुल शब्द आले. तरी मूळ शब्दसंग्रहाचे नाते कोणत्याही भाषाकुळाशी सिद्ध झालेले नाही. डच अभ्यासक कायपर यांचा तौलनिक ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला.

बोलणारी माणसे संपल्याने भाषा क्वचितच मरते. बहुधा आईबाप मुलांशी दुसऱ्याच भाषेत बोलू लागतात, तेव्हा ती मरते. निहाली कुटुंबांना शेजारात कोरकू, तर शाळेत, बाजारात मराठी-हिंदी लागते. १९७१ पासून जनगणना १०,००० पेक्षा कमी भाषकांच्या भाषा स्वतंत्रपणे दाखवीत नाही. त्यामुळे निहाली सरकारी तक्त्यांतही नाही. हा अन्यायच होय.

हिब्रू पुन्हा बोलती झाली, पण तिच्यामागे मोठे ग्रंथभांडार होते. निहालीला स्वतःची लिपी नाही. म्हणून तिला न्यूझीलंडचा मार्ग अधिक जवळचा : तेथे १९८२ पासून माओरी ज्येष्ठांनी बालशाळांत लहानग्यांशी केवळ माओरीत बोलणे सुरू केले. येथे वृद्धांच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण, देवनागरीतील शब्दकोश आणि अंगणवाडीत निहाली बोलणारी सेविका यांची तातडीने गरज आहे.